तणनियंत्रण कायदा (गाजरगवत)

शेतातील उपद्रवी तणांचा प्रसार रोखणाऱ्या कायदेशीर तरतुदी. 1914 चा केंद्रीय कीड व पीडक अधिनियम आणि त्याखालील 2003 चा वनस्पती संगरोध आदेश यांचा मुख्य भर परदेशातून येणाऱ्या किडी, रोग व तणबिया अडवण्यावर आहे. गाजरगवत हे तण मात्र 2003 च्या आदेशाआधीच देशात शिरले होते: 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. कर्नाटकाने 1975 मध्ये ते उपद्रवी तण जाहीर केले. चंद्रपूर-गडचिरोलीत ते पडीत जमिनीत, रस्त्याकडेला, धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) वाढते. एका झाडाला हजारो बिया येतात. स्पर्शाने त्वचेला खाज सुटते. शेतकऱ्याने धुरा साफ केला, तरी शेजारची सार्वजनिक जागा तशीच राहिल्यास वारा व पाणी बी परत आणतात. त्यामुळे केवळ शेतकऱ्याला बांधणारा नियम अपुराच. फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून हे तण मुळासकट उपटावे.