थोर लेखक व त्यांचे राखणदार



आमची उभी हयात खडू-फळ्याच्या संगतीत गेली. कवींचे जन्ममृत्यूचे सन आम्ही मुलांकडून घोकून घेतले. सेवानिवृत्तीनंतर तीच चरित्रे सवडीने वाचीत असता एक गोष्ट ध्यानी आली, ती या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवितो. लेखक लिहितो खरा. परंतु त्याचे लिहिलेले टिकते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातून.

कै. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कविवर्य केशवसुत, यांचा जन्म इ. स. १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड गावी झाला. मॅट्रिकची परीक्षा उतरण्यास त्यांना इतरांहून पुष्कळ अधिक वर्षे लागली. पुढे फैजपूर, धारवाड अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. ज्यांस आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात, त्यांचे छायाचित्रही आज उपलब्ध नाही. १९०५ साली हुबळी येथे प्लेगने ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. मागे राहिलेल्या कविता पुढे कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी एकत्र करून प्रसिद्ध केल्या, म्हणूनच त्या आमच्यासारख्यांस वर्गात शिकविता आल्या.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती घरीच. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कित्येक वर्षे बाईंना पतिवियोग सोसावा लागला. टिळक १९१९ साली वारले. पुढे वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्यात, असा आग्रह चिरंजीव देवदत्त यांनी आईपाशी धरिला. त्या आग्रहातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली.

तिसरे उदाहरण जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांचा जन्म १८८० सालचा, असोदे गावचा. अक्षरशत्रू असलेल्या या माउलीने शेतात व घरात काम करता करता आपल्या बोलीत गाणी रचिली. चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी ती वेळोवेळी उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांस दाखविली आणि १९५२ साली संग्रह निघाला. ती वही नसती, तर बहिणाबाईंचे नाव त्यांच्या भाऊबंदांपलीकडे कोणास ठाऊक झाले असते?

आता आमच्या घरची गोष्ट सांगताना संकोच वाटतो. आमच्या मातोश्री जात्यावर ओव्या म्हणत. पुष्कळ परंपरेच्या, पण काही त्यांनी स्वतः जुळविलेल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेल्याची एक होती; आमची धाकटी बहीण गेली तिची एक होती. गावात पिठाची गिरणी आली, तरी सणावारी त्या जात्यावर बसत. आम्ही शिक्षक, घरात वह्यांचा व शाईचा तोटा नव्हता. लोकांचे अर्ज आम्ही लिहून देत होतो. आईच्या ओव्या मात्र 'पुढल्या सुटीत उतरून घेऊ' म्हणत राहिलो, आणि एका सुटीच्या आधीच ती गेली. आज दोन ओव्या आठवतात, त्याही अर्ध्या. केशवसुत, बहिणाबाई शिकविणाऱ्या मास्तराच्या घरी हे घडावे, याची खंत जन्मभर पुरेल.

आमची आई बहिणाबाई होती, असे आमचे म्हणणे नाही. ती काय होती, हे आता ठरविताच येत नाही, एवढेच खरे.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. घरात वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांच्या ओव्या, आठवणी, गावोगावच्या स्थलांतराच्या हकिगती एका वहीत उतरून घ्याव्यात. जुनी पत्रे न वाचता रद्दीत घालू नयेत. मुलगी वा सून काही लिहीत असेल, तर तिची वही हसण्यावारी नेऊ नये. हे काम सुटीवर टाकू नये, इतकेच अनुभवाने सांगतो.