बत्तीस वर्षांनी मान्य झालेले छत्तीस हजार

 १९६३ साली मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच, १९५६ साली सुरू झालेले औरंगाबादचे. त्याला जोडलेल्या रुग्णालयात घडलेल्या एका मृत्यूची हकिगत आज ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याच्या निकालपत्रात वाचायला मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल २० फेब्रुवारी १९९६ चा आहे.

त्यातल्या तारखा ओळीने लावल्या की घटनाक्रम उभा राहतो. १० जुलै १९६३ रोजी वादीची पत्नी बाळंतपणासाठी दाखल झाली. १३ जुलैला नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ सणकून ताप चढला आणि एवढ्याशा शस्त्रक्रियेनंतर होऊ नयेत अशा वेदना सुरू झाल्या. १५ जुलैला पतीने दुसऱ्या विभागातल्या एका नामांकित सर्जनांना गाठले. त्यांनी तपासून टाके पुन्हा उघडावेत असे सुचवले, पण ते कोणी मनावर घेतले नाही, असे वादीचे म्हणणे. १९ जुलैला त्याच सर्जनांनी पोट उघडले, तेव्हा आत रक्त टिपायचा टॉवेल राहिलेला सापडला. पू झाला होता, तो काढला. २४ जुलैला ती बाळंतीण गेली.

१५ तारखेचा सल्ला निकालपत्रात वादीची बाजू म्हणून येतो, तेव्हा तो तेवढ्याच वजनाने घ्यायला हवा. टॉवेलचे तसे नाही. तो सापडला, ही गोष्ट न्यायालयात शाबीत झाली. निष्काळजीपणाशिवाय टॉवेल पोटात राहत नाही. म्हणून खुलासा करण्याची जबाबदारी डॉक्टरांवर आली.

दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयात तो हुकूमनामा फिरला: रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम, त्यातल्या चुकीबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही, असे कारण दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने हे कारण खोडून काढले. दवाखाना चालवणे हे कल्याणकारी काम आहे, ते फक्त सरकारच करते असे नाही. चूक नेमकी डॉक्टरची की अन्य कर्मचाऱ्याची हे सांगता आले नाही, तरी सरकारची जबाबदारी टळत नाही. ३६,००० रुपये कायम झाले. तोवर मृत्यूला बत्तीस वर्षे उलटून गेली होती.

याच निकालाने डॉक्टरांनाही संरक्षण दिले आहे. एका आजारावर दोन डॉक्टर दोन प्रकारे उपचार करू शकतात. वैद्यकशास्त्राला मान्य असलेल्या रीतीने, काळजीपूर्वक काम केले असेल तर निव्वळ परिणाम वाईट झाला म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही. चुकलेल्या निदानालाही हीच कसोटी लागते. भरपाई मागणाऱ्याला दाखवावे लागते, की लक्षणे समोर असताना साधी तपासणीही झाली नाही किंवा प्रकृती ढासळत असताना कोणी हालचाल केली नाही.

पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पक्के झाले. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये मात्र त्यातून वगळली गेली. म्हणून गरीब रुग्णाला सरकारी दवाखान्याविरुद्ध दाद मागायची झाली, तर दिवाणी दावा आणि औरंगाबादच्या घटनेवरचा खोडवा निकाल यांचाच मोठा आधार आहे.

असा दावा तारखांवर उभा राहतो, आणि तारखा केसपेपरवर असतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. दुःखाच्या घरात कागद मागायचे कोणाला सुचत नाही. तरीही शेजाऱ्याने, नातेवाइकाने, गावातल्या शिक्षकाने पुढे होऊन तो अर्ज लिहून द्यावा. त्या घराला तेवढी मदत नक्की करता येते.