जुना गॅस गिझर पेटत नाही? आधी आवाज ऐका, मग ज्योत बघा

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गॅस गिझरची रडगाणी सुरू होतात. तिकडे ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरांतही तेच. सात-आठ वर्षं बिनबोभाट चाललेला गिझर एका सकाळी पेटेनासा होतो आणि मेकॅनिक दोन दिवस फिरकत नाही. यातले बरेच बिघाड किरकोळ असतात. एक मात्र असा आहे, की तो दिसला तर गिझर बंदच ठेवायचा.

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याने छोटा स्विच चालू होतो, सेलवर टक-टक ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत पेटली की नाही हे एक बारीक सळई ओळखते. तिला ज्योत जाणवली नाही तर गॅस आपोआप बंद होतो. बिघाड शोधायचा तो याच क्रमाने.

टक-टक आवाजच येत नसेल तर आधी दोन्ही मोठे सेल बदला. आमच्याकडे मेकॅनिकने तेवढंच केलं आणि सेलपेक्षा व्हिजिटचे पैसे जास्त घेतले! सेल नवे असूनही आवाज नसेल तर पाण्याचा दाब कमी आहे. टाकी जेमतेम डोक्यावर असते, किंवा पाणी आत येतं तिथली जाळी क्षार-गाळाने भरलेली असते. पाणी बंद करून जाळी काढा, ब्रशने धुवा.

आवाज येतो पण पेटत नाही? सिलिंडर संपला असेल किंवा रेग्युलेटर बंद असेल. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद केला की पेटतो. पेटून लगेच विझत असेल तर सेल उतरलेले किंवा त्या सळईवर काजळी. पेटताना 'भप्प' असा आवाज होत असेल तर गॅस साठून उशिरा पेट घेतोय. तिथे स्वतः हात घालू नका. नळ बंद केल्यावरही ज्योत राहिली तर ताबडतोब रेग्युलेटर बंद करा.

आता मुख्य मुद्दा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, वर काजळी धरली, की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला ना वास ना रंग. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे ठीक आहे' हा हिशेबच चुकीचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि कडी उघडायच्या आत माणूस खाली पडतो. बंद न्हाणीघरात एकामागून एक आंघोळी झाल्या तर निळ्या ज्योतीनेही हे होऊ शकतं, कारण हवेतला प्राणवायूच कमी होत जातो. थंडी वाजते म्हणून खिडकीला प्लॅस्टिक लावणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. नुसत्या एक्झॉस्ट फॅननेही भागत नाही, बाहेरची हवा आत यायला वाट लागते. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची पाईप आत घ्यावी. जुन्या घरात प्लंबरचा खर्च येतो, पण टाळू नये.

कुणी आत बेशुद्ध पडलं तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात 'गॅस गिझर चालू होता' हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतं, त्यावर विसंबू नका.

नळीवरची मुदत बघा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तपासा. गळती वाटली तर विजेच्या बटणांना हात न लावता दारं-खिडक्या उघडा आणि 1906 वर फोन करा. वडोदरा, इंदूरसारख्या शहरांत सिलिंडरवरून पाईपच्या गॅसवर गेलेल्यांनी जुना गिझर तसाच जोडू नये. दोन्ही गॅसचा दाब वेगळा, नोझलही वेगळे. कंपनीचा माणूस बदलून देत असेल तर ठीक, नाहीतर त्या गॅससाठीचा नवाच घ्यावा.