रोजचा एक अध्याय : ख्रिस्ती प्रार्थनाजीवनातील शास्त्रवाचन

सकाळची ज्ञानेश्वरीची ओवी किंवा संध्याकाळचा हरिपाठ मराठी घरांना नवा नाही. ख्रिस्ती घरांमध्येही असाच एक नेम शतकानुशतके चालत आला आहे. दिवसाच्या आरंभी किंवा रात्री निजण्यापूर्वी बायबलमधील ठरावीक भाग वाचायचा, त्यावर मनन करायचे आणि मग प्रार्थना करायची. प्रार्थनेत माणूस देवाशी बोलतो, तर शास्त्रवाचनात देव माणसाशी बोलतो, अशी यामागची श्रद्धा आहे. म्हणूनच वाचनाला प्रार्थनेची पूर्वतयारी न मानता तिचा अर्धा भाग मानले जाते.

मठातील चार पायऱ्या

या प्रथेची मुळे यहुदी परंपरेत आहेत. सभास्थानात धर्मग्रंथ मोठ्याने वाचण्याची आणि स्तोत्रे म्हणण्याची रीत पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी तिथूनच उचलली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत अंगमेहनतीबरोबरच वाचनाच्याही वेळा ठरवून दिल्या. बाराव्या शतकात दुसरा गिगो या संन्याशाने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. 'लेक्सिओ दिविना' या नावाने ही पद्धत आजही शिकवली जाते. थोडेच वाचावे, पण सावकाश वाचावे आणि एखादा शब्द मनाला भिडला की तिथेच थांबावे, हे तिचे सार होय.

वर्षभराचा हिशेब

धर्मसुधारणेनंतर ग्रंथ मठाबाहेर पडून लोकभाषांमध्ये आला आणि कुटुंबाच्या हाती पडला. १५४९च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथाने वर्षभराच्या वाचनांचे कोष्टक दिले आणि १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांत वाटून टाकली. जर्मनीतील हर्नहूट येथील मोरावियन बंधुमंडळाने १७३१ मध्ये दररोजच्या एकेका वचनाची पुस्तिका छापली. ही पुस्तिका आजही दरवर्षी निघते. तिच्यातील जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या काढून ठरवली जातात.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन ते चार अध्याय वाचले की वर्षात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आखलेल्या योजनेत जुना करार वर्षातून एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचली जातात.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्साविधीची वाचनेच दिवसाला दिशा देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्वच श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचन करण्याचे आवाहन केले. त्यानंतर १९६९ मध्ये नवी वाचनमाला आली. तीत रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे, तर इतर दिवसांचे दोन वर्षांचे आहे.

मराठी वाचकाच्या हाती

हा नेम रुजायचा तर ग्रंथ आपल्या भाषेत हवा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. ते बायबलचे भाषांतर नव्हे. पण बायबलची कथा लोकांनी प्रथम मराठीत ऐकली ती याच ग्रंथातून. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. भाषेवर घाला आला की प्रार्थनेचीही कशी कोंडी होते, याचे हे बोलके उदाहरण.

पुढे सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत आला. पंडिता रमाबाईंना मात्र अल्पशिक्षित स्त्रीलाही सहज कळेल असे बायबल हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी छपाईची कामे हाती घेतली. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतराचे काम पूर्ण झाले होते. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

नेम आणि मन

पण नेमाला एक धोका असतो. पाने उलटतात, खुणेची फीत पुढे सरकते. मन मात्र जागचे हलत नाही. मॅकचेन यांनी आपल्या योजनेसोबतच हा इशारा दिला होता. वाचन निव्वळ उपचार होईल, नेम पाळल्याचा अहंकार जडेल, काहींना ते ओझेही वाटेल, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. चुकलेल्या दिवसांची थकबाकी वाढली की अनेक जण नेमच सोडून देतात, हाही नेहमीचाच अनुभव.

त्यावर परंपरेने सुचवलेला उपाय साधा आहे. राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे न लागता आजचा भाग आज वाचावा. वेळ थोडा असेल तर एकच स्तोत्र घ्यावे, पण मोठ्याने आणि सावकाश म्हणावे. स्तोत्रांमध्ये स्तुतीइतकीच तक्रार, भय आणि आक्रोशही आहे. त्यामुळे ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी ती दुःखितांना शब्द देतात.

किती वाचले याचा हिशेब कोष्टकात मांडता येतो. वाचलेले वचन दिवसभरात किती वेळा आठवले, कोणाशी बोलताना आड आले आणि कुठे हात आखडू दिला नाही, हा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच ठेवावा लागतो.