‘गीतारहस्य’ आणि सांत्वनाचा प्रश्न

1872 साली वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ ही प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या टिळकांकडे आले. मरणोन्मुख माणसाच्या उशाशी गीता वाचावी, हा आपल्याकडील जुना रिवाज. त्यात तत्त्वज्ञानाकडून अपेक्षा असते ती सांत्वनाची. टिळकांच्या मनात मात्र पुढे शंका उत्पन्न झाली : लढण्यास प्रवृत्त करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात मोक्षाचे विवेचन कशासाठी? ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत त्यांनीच ही हकीकत दिली आहे. तिच्याकडे आपण केवळ चरित्रातील तपशील म्हणून पाहत आलो. माझ्या मते ग्रंथाच्या घडणीचे मूळ त्या उशाशी आहे.

जुलै 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वय बावन्न, मधुमेह जडलेला. मंडालेहून जिवंत परत येऊ याची शाश्वती नव्हती. तेथे 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ग्रंथाचा खर्डा लिहून काढला.

कैदेतील तत्त्वचिंतनाचा युरोपातील आद्य आदर्श मानला जातो तो सहाव्या शतकातील बोएथियसचा लॅटिन ग्रंथ. देहान्ताच्या छायेत लिहिलेल्या या गद्यपद्यमिश्रित रचनेत तत्त्वज्ञान स्त्रीरूपाने कोठडीत अवतरते, काव्यदेवतांना हाकलून लावते आणि शोक करणाऱ्या कैद्याची समजूत घालते. तेथे कैदी हाच ग्रंथाचा नायक आहे. ‘गीतारहस्या’त, प्रस्तावना वगळता, कैदी जवळजवळ दिसतच नाही. पाचवे प्रकरण ‘सुखदुःखविवेक’ या नावाचे. लेखकाने आपले दुःख मांडावे अशी ही जागा. पण तेथे शोपेनहौअरच्या दुःखवादाचा परामर्श आहे, महाभारतातील आधार आहेत. मंडालेच्या भिंती नाहीत.

मग या लेखनाने लेखकाला काय दिले? माझे उत्तर असे, की आधार सिद्धान्ताने दिला त्याहून अधिक वादपद्धतीने दिला. शंकराचार्यांपासून कांट, मिल्ल, ग्रीनपर्यंत सर्वांचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, तोलावयाचे, खोडावयाचे अथवा स्वीकारावयाचे : या व्यापारात कैद्याला पुन्हा एका विशाल सभेचे सदस्यत्व मिळत होते. याची किंमतही ग्रंथाने मोजली आहे. त्याचे गद्य वकिली वळणाचे आहे, आणि शोकाकुल वाचकाच्या हाती मी स्वतः तो देणार नाही, ज्ञानेश्वरी देईन. परंतु ‘कर्मयोगशास्त्र’ म्हणून लिहिलेल्या ग्रंथाकडून ओलाव्याची मागणी करणे ही समीक्षेतील गल्लत होय.

खर्डा पूर्ण झाल्यावर सुमारे सव्वा वर्षाने, जून 1912 मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. वृत्त तारेने मंडालेस पोचले. संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, तरी या आघाताने आपण बरेच हादरलो, अशी कबुली त्यांनी घरी पाठविलेल्या पत्रात दिली. स्थितप्रज्ञाची लक्षणे सविस्तर विवेचिणाऱ्या लेखकाची ही कबुली ग्रंथाशी विसंगत ठरवण्याचे कारण नाही. ती ग्रंथाबाहेर राहिली, एवढेच.

जून 1914 मध्ये सुटका झाली, तरी वह्या सरकारच्या ताब्यातून लगेच मिळाल्या नाहीत. निकटवर्तीय चिंतेत होते. त्या परत न मिळाल्यास सगळा ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहून काढण्याची टिळकांची तयारी होती.