कोतवालीचा जमाखर्च

भाद्रपद लागला की आपल्याकडे वर्गणीच्या पावत्या फिरू लागतात. याच दिवसांत, गणेशचतुर्थीच्या तोंडावर, ३१ ऑगस्ट १७९१ रोजी पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याला जमावाने दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबांच्या १८६३ च्या पुस्तकामुळे आणि विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोचले. नाटकावर वाद झाला तो मुख्यतः नाना फडणविसांच्या चित्रणावरून. आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना मात्र या हकीकतीत आणखी एक गोष्ट दिसते. त्यात जीव गेले ते तैलंग ब्राह्मणांचे, म्हणजे ज्यांच्या शेजारात आमच्या पिढ्या वाढल्या त्या तेलुगू मुलखाच्या माणसांचे.

पेशवाईतला कोतवाल हा नुसता पोलीस अधिकारी नव्हता. रात्रीची गस्त, चोरांचा तपास, बाजारभाव, वजनमापे, घरजागांच्या खरेदीखतांची नोंद, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिपणे, हे सारे त्याच्या चावडीवर चाले. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला अटक होई. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा तोच करी आणि दंडही तोच वसूल करी. हा दंड सरकारी उत्पन्नाची एक बाब होता आणि दप्तरात त्या बाबीचे नावच ‘गुन्हेगारी’ होते. खरी गोम इथेच आहे. माणूस पकडणारा तोच, दोषी ठरवणारा तोच आणि दंडाची रक्कम जमा करणाराही तोच.

पेशवाईत हिशेबाची शिस्त नव्हती असे मुळीच नाही. मामलेदारावर नजर ठेवायला दिवाण, फडणीस, मजमुदार असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि मामलेदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे. खुद्द नानांचा हुद्दाही हिशेबाचाच. रुपयाचा मेळ घालण्याची अशी चोख सोय होती. पण कोतवालाच्या माणसांनी कोणाला विनाकारण कोंडले, तर दाद मागायची कोठे? दरबारात. आणि कोतवाल तर दरबारच्या कारभाऱ्यांचाच माणूस!

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस नेमके हेच घडले. श्रावणातली दक्षिणा घ्यायला पुण्यात आलेल्या काही तैलंग ब्राह्मणांनी घाशीरामच्या बागेतली फळे तोडली, असे सांगतात. त्यांना धरून एका कोंदट जागेत डांबण्यात आले आणि वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली. मानाजी फाकडे यांनी दार उघडवले, तेव्हा हा प्रकार उजेडात आला. संतापलेले लोक नानांच्या वाड्यावर गेले. शेवटी घाशीरामला त्यांच्या हवाली करण्यात आले. शहरातून धिंड निघाली आणि गारपिरावर त्याचा शेवट झाला.

याला न्याय म्हणावे का? आम्हाला तसे वाटत नाही. माणूस मेला, पण चौकशी झाली नाही. त्याला नेमले कोणी, आधीच्या तक्रारी कोठे अडल्या, दंडाच्या रकमा कशा आल्या, हे सारे प्रश्न त्या दगडांखालीच गाडले गेले. एकट्या घाशीरामच्या माथी सगळे मारून बाकीचे मोकळे झाले.

आपल्या हैदराबादेत तर शहराच्या पोलीसप्रमुखाला निजामाच्या राजवटीत ‘कोतवाल’च म्हणत. राजाबहादूर वेंकटरामा रेड्डी यांचे नाव त्या हुद्द्याबरोबर आजही आदराने घेतले जाते. चांगला कोतवाल मिळणे हे शहराचे भाग्य, पण शहराचा कारभार भाग्यावर सोडता येत नाही. आज पोलीस खात्याचा खर्च विधानसभा मंजूर करते. त्याखेरीज, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला. पुण्याच्या चावडीवर जे नव्हते ते हेच.

उत्सव संपला की आपल्यापैकी कोणीतरी हटकून जमाखर्चाचा कागद मागतो आणि मांडवाच्या बांबूंचा दरही विचारतो. त्याचा कोणाला राग येत नाही. पैसे सगळ्यांचे आहेत, म्हणून विचारायचे, एवढी साधी ती रीत आहे. कोतवालीचा पैसाही आपलाच असतो. तिथे मात्र पैशाइतकाच माणसांचाही हिशेब मागायला हवा.