मठ, पाट आणि द्राक्षवेल

नातेपुते लोकांना माहीत असतं ते ज्ञानोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे. पालखी पुढे गेली की इथं बघायला काय उरतं, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. मी त्यांना जीपमध्ये घालतो आणि उन्हं तापायच्या आत शिंगणापूरचा रस्ता धरतो.

शंभू महादेवाच्या डोंगरावर पाण्याची ओढ फार जुनी. डोंगराखालचा पुष्कर तलाव शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधला. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकडच्या मानाच्या कावडी कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटानं वर चढतात. उभा कडा, माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड वर काढतात. ते पाणी देवाला. शेताला पाणी मिळालं ते पुढे, कालव्यानं.

तिथून फलटण. दुपारच्या आत महानुभाव पंथाच्या मंदिरात पोचायचंच, हा माझा नेम. पंथाच्या अवतारांपैकी चक्रपाणी इथलेच, फलटणला जन्मलेले. इथं लोक ओट्याला माथा टेकतात. अवतारांचा, विशेषतः तेराव्या शतकातल्या चक्रधर स्वामींचा, पाय जिथं जिथं लागला तिथं असे ओटे बांधलेत आणि त्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त आहे. या पंथानं मराठीला ‘लीळाचरित्र’ दिलं आणि आपल्या पोथ्या शतकानुशतकं सकळ या सांकेतिक लिपीत जपल्या. मांस आणि मद्य पूर्ण वर्ज्य.

पाहुणे इथं हमखास विचारतात, युरोपात तर मठातच वाइन होते, मग आपल्याकडे का नाही? केवळ व्रतामुळे नाही, असं मला वाटतं. तिकडच्या मठांत चालणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नियमानुसार साधूनं जन्मभर एका मठात राहायचं, हातानं राबायचं. रोजची बेताची वाइनही त्याला मंजूर होती. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी बर्गंडीत द्राक्षाची रानं राखली, भिंती घातल्या. वेल म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी थांबायचं काम. चक्रधरांनी आपल्या साधूंना सांगितलं ते उलटं: फिरत राहा, भिक्षा मागा, जागेचा मोह धरू नका. झाडाखाली रात्र काढणाऱ्यानं कुठली बाग लावावी?

आमच्याकडे वेल आली ती पाटाच्या मागून. भाटघरचं मोठं धरण १९२८ साली पुरं झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरसची जिराईत रानं बदलली. माझे वडील या कालव्यावर पाटकरी होते. कुणाची पाळी कधी, हे त्यांना तोंडपाठ. सासवडचे माळी पाण्यामागं इथवर आले, खंडानं जमिनी केल्या आणि १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. कावडीचं गाव आणि कारखानदारांचं गाव एकच, हे सांगितलं की पाहुणे थबकतात. ऊस मात्र पाणी पिऊन सुस्तावला आणि काही रानं चोपण झाली. द्राक्षाला लागते निचऱ्याची, मुरमाड जमीन आणि ठिबकचं मोजकं पाणी.

म्हणून शेवटी मोटेवाडी. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या घरांतल्या भावांनी मिळून इथं ‘फ्रातेली’ ही वायनरी सुरू केली, २००७ च्या सुमारास. इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले आणि सांजोवेजे हे तिकडचं वाण माळशिरस तालुक्यात रुजलं.

इथं मी एक मणी हातावर ठेवतो. खायच्या द्राक्षाच्या मानानं बारका, साल जाड, आत बिया. खायच्या बागेत मणी फुगावा म्हणून घड जिब्रेलिक आम्लात बुडवतात. इथं तसं करत नाहीत, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. लाल वाइन सालीसकटच आंबवतात. साखर ब्रिक्स या मापात मोजूनच तोड ठरते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी, ही पद्धत आपल्याच बागायतदारांची. टस्कनीत वर्षातून एकदाच छाटतात, कारण तिथल्या थंडीत वेल झोपते.

फलटण आधी, मोटेवाडी नंतर, हा क्रम मी मोडत नाही. मंदिरात जाताना तोंडाला वास नको. आणि यायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये या; तेव्हा घड वेलीवर असतात. चैत्रात आलात तर मुंगी घाट दिसेल, पण तोवर तोड उरकलेली असते.